विझलेल्या भट्टीची धग

घारापुरीचीं लेणीं पाहावयास बोटीनें निघालेल्या प्रवाशांना डाव्या हातास, तुर्भ्याच्या टेकडीच्या पायथ्याशीं, एक पांढरा घुमट वर्षानुवर्षें दिसत आला आहे. जाणता माणूस शेजाऱ्याला सांगतो, “ती अणूची भट्टी.” आणि मग बोटींत हटकून प्रश्न निघतो, “ती फुटली तर?” घाटकोपर-मुलुंडच्या घरांत हा प्रश्न तुर्भ्याकडे पाहून विचारला जातो, अंधेरी-बोरिवलीच्या घरांत तारापुराची आठवण काढून विचारला जातो. उत्तर बहुधा दोन प्रकारचें मिळतें. कोणी म्हणतो, सारी मुंबई एका क्षणांत भस्म होईल. कोणी म्हणतो, कांहींहि होणार नाहीं, तेथें एवढे मोठे शास्त्रज्ञ बसले आहेत. दोन्ही उत्तरें चूक आहेत, आणि दोहोंत दोष एकच आहे: दोन्ही उत्तरें विचार तेथेंच थांबवितात. आज आपण तो विचार थोडा पुढें नेऊं.

प्रथम आपल्या आसपास काय आहे तें नीट पाहूं. तुर्भ्याला, म्हणजे हल्लींच्या ट्रॉम्बेला, ४ ऑगस्ट १९५६ रोजीं ‘अप्सरा’ ही भारतांतील पहिली अणुभट्टी सुरू झाली. पुढें १९६० मध्यें ‘सायरस’ आणि १९८५ मध्यें ‘ध्रुव’ या भट्ट्या उभ्या राहिल्या. या भट्ट्या संशोधनाच्या. त्यांतून वीज निघत नाहीं. वीज निघते ती तारापुरास. पश्चिम रेल्वेच्या बोईसर स्टेशनाजवळ, अरबी समुद्राच्या कांठीं, मुंबईच्या उत्तरेस सुमारें १०० किलोमीटरवर, ऑक्टोबर १९६९ मध्यें दोन अमेरिकन बनावटीच्या भट्ट्या वीज देऊं लागल्या. देशांतील पहिलें अणुवीजघर तें हेंच. २००५ व २००६ मध्यें तेथें प्रत्येकी ५४० मेगावॉटच्या दोन देशी भट्ट्यांची भर पडली. चेर्नोबिल किंवा फुकुशिमा येथें झाला तसा अनर्थ या दोन्ही ठिकाणीं घडलेला नाहीं. म्हणजे आजची कथा आपल्या दाराशीं घडलेली नाहीं. परंतु ती समजून घेण्याचें कारण मात्र आपल्या दाराशींच आहे.

पहिली गोष्ट ही कीं, वीजघरांतील अणुभट्टी बाँबसारखी फुटत नाहीं. बाँबला लागणारें युरेनियम अत्यंत निवडलेलें असतें. वीजघरांतील इंधन त्या मानानें फार सौम्य. तारापुरांतील दोन देशी भट्ट्या तर खाणींतून निघणाऱ्या नैसर्गिक प्रतीच्या युरेनियमवर चालतात. तेव्हां हिरोशिमाचें चित्र आपण बाजूस ठेवूं. खरें भय निराळें आहे, आणि तें समजण्यास आपल्या आजीच्या चुलीपर्यंत जावें लागेल.

चुलींतलें लाकूड ओढून घेतलें, ज्वाळा विझल्या, तरी निखारे धगधगत राहतात. कोळशाचें वीजघर बंद केलें तर त्याची आग मात्र थोड्या वेळानें निवते. अणुभट्टीचें तसें नाहीं. युरेनियमचा अणु फुटला म्हणजे त्याचे जे तुकडे होतात ते स्वतःच अस्थिर असतात. ते पुढें कित्येक दिवस, कित्येक वर्षें, उष्णता बाहेर टाकीत शांत होत जातात. नियंत्रक दांडे आंत सोडून भट्टी बंद केली कीं अणु फुटण्याची साखळी कांहीं क्षणांत थांबते. परंतु त्या वेळींहि भट्टीच्या पूर्ण उष्णतेपैकीं सहा ते सात टक्के उष्णता निघतच असते. एका तासानें ती सुमारें दीड टक्का होते आणि एका दिवसानें सुमारें अर्धा टक्का.

अर्धा टक्का हा आंकडा ऐकावयास क्षुल्लक वाटतो. म्हणून तो आपल्या परिचयाच्या मापानें मोजूं. फुकुशिमाची पहिली भट्टी ४६० मेगावॉट विजेची. म्हणजे तिच्या पोटांत सुमारें १३८० मेगावॉट उष्णता. बंद केल्यावर एका दिवसानें तिचा अर्धा टक्का धरला तर तो होतो जवळजवळ ७ मेगावॉट. एवढी उष्णता साधें पाणी तापवून त्याची वाफ करूं लागली तर तासाला सुमारें दहा हजार लिटर पाणी लागतें. उन्हाळ्यांत आपल्या सोसायटीच्या फाटकाशीं येऊन उभा राहतो तो पाण्याचा मोठा टँकर दहा हजार लिटरचाच असतो. म्हणजे ‘बंद’ असलेली ही भट्टी एका दिवसानंतरहि दर तासाला एक टँकर पाणी पिऊन टाकते. आणि तें पाणी रात्रंदिवस, एकहि खेप न चुकवितां, आंत पोहोंचलें पाहिजे.

तें न पोहोंचलें तर काय होतें? इंधनाच्या कांड्या उघड्या पडतात व तापत जातात. त्यांच्यावरचें झिर्कोनियम धातूचें वेष्टण अतिशय तापलें कीं वाफेशीं संयोग पावून हैड्रोजन वायु निर्माण करतें, आणि त्या संयोगानें उष्णता आणखी वाढते. पुढें इंधनच वितळतें आणि पोलादी भांड्याच्या तळाशीं जाऊन बसतें. सांचलेल्या हैड्रोजनाला ठिणगी मिळाली तर इमारतीचें छप्पर उडतें, आणि किरणोत्सारी वायु व धूळ मोकळ्या हवेंत सुटते. चेर्नोबिलची भट्टी चालतां चालतां फुटली, तो प्रकार निराळा. त्याकडे पुढें येऊं. परंतु एरवींचा धोका एका वाक्यांत मावतो: विझलेल्या भट्टीला पाणी न मिळणें.

येथें उपनगरांतील वाचकाला २६ जुलै १९८० नव्हे, २६ जुलै २००५ ची आठवण द्यावीशी वाटते, कारण ती तारीख येथें कोणी विसरलेला नाहीं. त्या दिवशीं सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. बाहेर गळ्याइतकें पाणी, आणि घरांत नळाला थेंब नाहीं, हा अनुभव अनेकांनीं घेतला. कारण पाणी वर चढविणारा पंप आणि त्याला वीज देणारीं मीटरें तळमजल्यावर होतीं, आणि तळमजला बुडाला होता. पाणी उदंड होतें. तें हवें तेथें नेण्याचें साधन तेवढें बुडालें होतें. फुकुशिमाची कथा मुळांत हीच आहे.

११ मार्च २०११ रोजीं दुपारीं जपानच्या ईशान्य किनाऱ्याजवळ ९ प्रतीचा भूकंप झाला. फुकुशिमा दाइइची वीजघरांतील चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या आपोआप बंद झाल्या. बाहेरून येणारी वीज तुटली, तेव्हां डिझेलवरचीं जनित्रें लागलीच सुरू झालीं. येथवर सर्व कांहीं योजनेप्रमाणें घडलें. सुमारें पन्नास मिनिटांनीं समुद्र आला. वीजघराची मुख्य जमीन समुद्रसपाटीपासून १० मीटर उंच होती. लाट तिच्यावर कित्येक मीटर चढली. बहुतेक जनित्रें आणि विजेच्या वांटणीचीं कपाटें तळघरांत होतीं. तीं बुडालीं. ज्या वीजघरानें इतरांचे दिवे लावावयाचे, तेथील कर्मचारी मोटारींतील बॅटऱ्या काढून आणून अंधारांत मापकें वाचूं लागले. पुढच्या चार दिवसांत तीन भट्ट्यांचें इंधन वितळलें आणि तीन इमारतींत हैड्रोजनाचे स्फोट झाले. समोर सारा प्रशांत महासागर पसरलेला, आणि भट्टी पाण्यावांचून जळत होती.

आतां याच किनाऱ्यावरचें दुसरें वीजघर पाहा. ओनागावा हें भूकंपाच्या केंद्राला फुकुशिमापेक्षां अधिक जवळ. तेथेंहि मोठी लाट आली. परंतु तें बांधणाऱ्यांनीं जुन्या लाटांचा इतिहास मनावर घेऊन जमीन १४ मीटरांहून अधिक उंच ठेविली होती. भट्ट्या सुरक्षितपणें निवल्या. इतकेंच नव्हे, तर घरें वाहून गेलेल्या तीनशेंहून अधिक गांवकऱ्यांनीं त्या वीजघराच्या आवारांत आश्रय घेतला. समुद्र एक, भूकंप एक, शास्त्रहि एक. फरक होता तो धोक्याची सूचना ऐकण्याचा. फुकुशिमाच्या मालक कंपनीच्या हातींहि अशी सूचना होती. २००८ मध्यें तिच्याच गणितानें १५.७ मीटर उंचीची लाट येणें शक्य आहे असें दाखविलें होतें. तें गणित कागदावर राहिलें. म्हणूनच जपानी संसदेनें नेमलेल्या चौकशी समितीनें २०१२ मध्यें हा अनर्थ मानवनिर्मित ठरविला.

आणि हें एकाच ठिकाणीं झालें असें नाहीं. अमेरिकेंत थ्री माईल आयलंड येथें २८ मार्च १९७९ रोजीं पहांटे एक झडप उघडी अडकून पडली व भट्टींतलें पाणी निसटूं लागलें. नियंत्रण-खोलींतला दिवा मात्र झडप बंद झाल्यासारखें दाखवीत होता. कारण तो दिवा झडपेची स्थिति दाखवीत नसून ‘बंद हो’ हा हुकूम सुटला एवढेंच दाखवीत होता. कर्मचाऱ्यांना भट्टींत पाणी फार झालें असें वाटलें व त्यांनीं संकटकाळीं आपोआप येणारें पाणीहि कमी केलें. जवळजवळ निम्मा गाभा वितळला. तसलीच झडप ओहायो राज्यांतील डेव्हिस-बेसी वीजघरांत १९७७ मध्यें तशीच अडकली होती. तेथें अनर्थ टळला; पण त्यापासून घ्यावयाचा धडा थ्री माईल आयलंडच्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोहोंचला नाहीं.

चेर्नोबिलची भट्टी निराळ्या जातीची होती. तींत पाण्याची वाफ वाढली कीं अणु फुटण्याचा वेग कमी होण्याऐवजीं वाढत असे. शिवाय नियंत्रक दांड्यांच्या टोंकाशीं ग्रॅफाइट होतें. त्यामुळें विशिष्ट स्थितींत दांडे आंत शिरतांना आरंभीं कांहीं क्षण आग विझण्याऐवजीं भडकत असे. २६ एप्रिल १९८६ च्या रात्रीं तेथें एक चांचणी चालू होती, आणि तीहि सुरक्षिततेचीच: वीज गेली तर फिरत राहिलेल्या टर्बाईनच्या वेगावर पंप थोडा वेळ चालतील कीं नाहीं? विजेची मागणी असल्यानें ती चांचणी सुमारें दहा तास लांबली आणि तिची पूर्वतयारी न झालेल्या रात्रपाळीच्या गळ्यांत पडली. कांहीं सुरक्षा-यंत्रणा तोडलेल्या, बहुतेक दांडे बाहेर काढलेले; अशा स्थितींत भट्टी बंद करण्याचें बटण दाबलें गेलें आणि भट्टी फुटली. दांड्यांचा हा दोष लिथुआनियांतील इग्नालिनाच्या भट्टीवर १९८३ मध्येंच आढळला होता. भट्टीवर बसणाऱ्या माणसांना मात्र तो कोणी नीट सांगितला नव्हता.

आपल्या देशांतहि एकदां मृत्यु दाराला हात लावून परतला आहे. उत्तर प्रदेशांत गंगेकांठीं नरोरा येथें ३१ मार्च १९९३ च्या पहांटे पहिल्या भट्टीच्या टर्बाईनचीं दोन पातीं तुटलीं. प्रचंड हादऱ्यानें जनित्रांतला हैड्रोजन बाहेर पडून पेटला, तेल पेटलें, आणि आग विजेच्या तारांपर्यंत गेली. नेहमींच्या विजेच्या तारा आणि राखीव विजेच्या तारा जवळजवळच टाकलेल्या होत्या. दोन्ही एकाच आगींत गेल्या. नियंत्रण-खोली धुरानें भरली व ती सोडावी लागली. सुमारें सतरा तास त्या भट्टीला वीज नव्हती. कर्मचाऱ्यांनीं भट्टी तत्काळ बंद केली होती. मग विजेरीच्या उजेडांत वर चढून त्यांनीं अणूची साखळी पुन्हां पेटूं नये म्हणून बोरॉनचें द्रावण हातानें आंत सोडलें, आणि आग विझविण्याच्या डिझेल पंपांनीं पाणी पुरवून भट्टी निवविली. किरणोत्सर्ग बाहेर पडला नाहीं. त्या माणसांच्या धैर्याला वंदन केलें पाहिजे. पण त्याच वेळीं हेंहि सांगितलें पाहिजे कीं, एकत्र टाकलेल्या तारा एकत्र जळतात हें अमेरिकेंतील ब्राउन्स फेरी वीजघरानें १९७५ मध्येंच शिकविलें होतें. तेथें हवेची गळती शोधण्यासाठीं धरलेल्या एका मेणबत्तीनें आग लागली होती.

या चारहि कथांचें सार एकच निघतें. मोठा अनर्थ बहुधा एकदम येत नाहीं. तो आधीं लहान रूपानें, दुसऱ्या कोणाच्या दारीं, निरोप घेऊन येतो. निरोप ऐकणारा कोणी नसेल तर मग तो स्वतः येतो.

आतां परिणाम. चेर्नोबिल येथें त्या रात्रीं दोघे कामगार गेले. पुढील कांहीं महिन्यांत किरणोत्सर्गाच्या तीव्र आजारानें आणखी २८ माणसें मरण पावलीं, त्यांत आग विझवावयास धांवलेले बंबवाले होते. शेजारच्या प्रिप्यात गांवच्या सुमारें ४९ हजार लोकांना दीड दिवसानें बसगाड्यांत बसविण्यांत आलें. तीन दिवसांपुरतें सामान घ्या असें त्यांना सांगितलें होतें. तीं कुटुंबें राहावयास पुन्हां परतलीं नाहींत. त्या वर्षीं एक लाखाहून अधिक, आणि पुढें आणखी दोन लाखांहून अधिक माणसांना घरें सोडावीं लागलीं. जगाला ही वार्ता आधीं स्वीडनकडून कळली. तेथील एका वीजघराच्या मापकांनीं दूरवरून आलेली धूळ पकडली होती.

सर्वांत हळहळ वाटावी अशी गोष्ट मुलांची. भट्टींतून सुटणाऱ्या पदार्थांत किरणोत्सारी आयोडीन असतें. तें गवतावर पडतें, गवत गाय खाते, गाईचें दूध मूल पितें, आणि गळ्यांतील थायरॉइड ग्रंथि तें आयोडीन सांठवून ठेवते. त्याचा जोर दर आठ दिवसांनीं निम्मा होतो. म्हणजे दोन-तीन महिने तें दूध टाळलें असतें तरी पुष्कळ कांहीं वांचलें असतें. सोव्हिएट खेड्यांत तें वेळेवर कोणी सांगितलें नाहीं. त्या वेळीं बालवयांत असलेल्यांपैकीं सहा हजारांहून अधिक जणांना २००५ पर्यंत थायरॉइडचा कर्करोग झाला. उपचारानें बहुतेक वांचले, तरी व्याधि जन्माची जडली. शेजारच्या पोलंडनें मात्र धूळ येतांच एक कोटीच्या आसपास मुलांना साध्या आयोडीनचा डोस पाजला. ग्रंथि आधींच भरलेली असली म्हणजे विषारी आयोडीनला जागा राहत नाहीं. दुसरा पदार्थ सीझियम. त्याचा जोर निम्मा व्हावयास तीस वर्षें लागतात. जमीन टाकून द्यावी लागते ती मुख्यतः त्याच्यामुळें.

फुकुशिमाचा हिशेब निराळा व तितकाच विचार करावयास लावणारा आहे. तेथें किरणोत्सर्गाच्या तीव्र आजारानें कोणी दगावलें नाहीं. एका कामगाराचा फुप्फुसाच्या कर्करोगानें झालेला मृत्यु सरकारनें २०१८ मध्यें किरणोत्सर्गाशीं जोडून मान्य केला. परंतु दीड लाखांहून अधिक लोकांना घर सोडावें लागलें, आणि त्या प्रांतांत या धांवपळीच्या व विस्थापनाच्या हालांनीं मेलेल्यांची संख्या दोन हजारांवर गेली. त्यांत बहुतेक म्हातारीं माणसें. भट्ट्यांच्या तळाशीं वितळून घट्ट झालेला सुमारें ८८० टन राडा आहे. त्यांतला पहिला नमुना नोव्हेंबर २०२४ मध्यें बाहेर आला, तो एका ग्रॅमहूनहि कमी. घर उठणें म्हणजे काय हें समजावयास आपल्याला जपानपर्यंतहि जावें लागत नाहीं. तारापुराच्या नव्या भट्ट्यांसाठीं अक्करपट्टी व पोफरण हीं गांवें उठविण्यांत आलीं, तीं कोणताहि अपघात न होतां.

मग आपल्या उपनगरांनीं काय समजावें? २०११ च्या शिरगणतींत मुंबई उपनगर जिल्ह्यांत ९३ लाखांहून अधिक लोक होते. चेर्नोबिलभोंवतीं ३० आणि फुकुशिमाभोंवतीं २० किलोमीटरचा प्रदेश रिकामा करण्यांत आला; त्या मापानें तारापुरावर कांहीं ओढवलें तरी बोरिवली रिकामी करावी लागेल असें मानण्याचें कारण नाहीं. परंतु पालघरकडचें दूध व भाजी, डहाणूचे चिकू, सातपाटीचें पापलेट हीं आपल्या ताटांत येतात, आणि संशयाची पहिली सावली ताटावर पडते. तुर्भ्याची गोष्ट याहून वेगळी. तेथील ‘ध्रुव’ १०० मेगावॉट उष्णतेची, म्हणजे वीजघराच्या भट्टीपुढें पुष्कळच लहान. पण तिच्याभोंवतीं मोकळें रान नाहीं, भरलेलें शहर आहे. एवढें शहर रातोरात हलवितां येत नाहीं. जेथें पळून जाण्याचा मार्ग अरुंद, तेथें अपघात न होऊं देण्याची जबाबदारी तितकीच रुंद असली पाहिजे.

ही जबाबदारी पाहणारें अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्यें स्थापन झालें, आणि त्याची कचेरी आपल्याच उपनगरांत, अणुशक्तिनगरांत उभी राहिली. २०१२ मध्यें भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनीं या मंडळाला कायद्यानें पुरेसें स्वातंत्र्य नसल्याची नोंद केली होती. फुकुशिमानंतर आपल्या वीजघरांची फेरतपासणी होऊन, सर्व वीज गेली तरी बाहेरून भट्टीला पाणी जोडतां यावें अशा सोयी करण्यांत आल्या. हें उत्तम झालें. निरोप ऐकला गेला तर तो असा ऐकला जातो.

गृहस्थाला करण्यासारखें थोडें आहे, पण तें नेमकें आहे. असा प्रसंग आलाच तर धांवत सुटूं नये. घरांत जावें, दारें-खिडक्या लावाव्या व अधिकृत सूचनेची वाट पाहावी. उघड्यावरचें दूध व पालेभाजी सूचना मिळेपर्यंत मुलांना देऊं नये. आयोडीनची गोळी सांगितल्यावांचून घेऊं नये. आणि आयोडीनयुक्त मीठ अधिक खाऊन तिचें काम होत नाहीं, कारण मिठांतलें आयोडीन त्या मानानें नगण्य असतें.

हें झालें संकटकाळाचें. एरवीं आपलें काम एकच: प्रश्न बदलणें. “ती फुटली तर?” हा प्रश्न विचारून आपण घाबरतों किंवा हंसून सोडून देतों. त्याऐवजीं असें विचारावें: यंदा तेथें कोणत्या लहान चुका झाल्या, जगांतल्या कोणत्या चुका कानावर आल्या, त्या कोणीं कोणास सांगितल्या, आणि त्यावर काय केलें? या प्रश्नाला रागावणारें वीजघर असेल तर त्याची काळजी करावी; शांतपणें वही उघडून दाखविणारें असेल तर रात्रीं दिवा मालवून निश्चिंतपणें झोंपावें. दिवा मालवला कीं तो विझतो. भट्टीचें तसें नाहीं. तिच्याजवळ कोणीतरी जागें असावेंच लागतें.